पाण्यात उतरण्याआधी

अमेरिका-कॅनडाच्या सीमेवर मोठमोठी सरोवरं आहेत. तिथे हौशी पाणबुडे पाठीवर हवेची टाकी लावून काठावरूनच चालत पाण्यात उतरतात. ही सरोवरं हिमनद्यांनी कोरलेली. हजारो वर्षांपूर्वी बर्फाच्या थरांनी खडक खरवडला, बर्फ वितळला आणि खळग्यांत पाणी साचलं. त्यातल्या सुपिरियर सरोवराची जास्तीत जास्त खोली ४०६ मीटर!

आपल्या तिरोड्याकडचं पाणी मात्र माणसांनी अडवलेलं. जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा. पुढे इंग्रजांच्या काळात १९१७ मध्ये बोदलकसा आणि १९२३ मध्ये चोरखमारा झाला.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. काठावरून तळ दिसत नाही. आपल्या तलावात एका बाजूने पाणी उथळ असतं, पाळीकडे खोल. मध्येच गाळ, नाही तर माती-मुरूम काढलेला खड्डा. गुडघाभर पाणी म्हणता म्हणता पुढच्या पावलाला डोक्यावरून पाणी जातं.

म्हणून पाणबुड्यांचा नियमच असतो. एकट्याने उतरायचं नाही आणि बाहेर यायची जागा आधी बघून ठेवायची. आपल्याकडे बाई धुणं घेऊन जाते, पोळ्याला पोरं बैल धुवायला जातात. त्यांना हे कोण सांगतं?

बचत गटाच्या बैठकीत मी विचारते, "पोहता कोणाकोणाला येतं?" बायका एकमेकींकडे बघून हसतात. पोरं काका-मामांबरोबर शिकतात, पोरीचं नाव काढलं की "लोक काय म्हणतील?" पाणी काही मुलगा-मुलगी बघून बुडवत नाही हो!

कोणी बुडताना दिसलं तर माया आवरत नाही, आपण धावतो. पण एकीला वाचवायला दुसरी उतरते आणि दोघी जातात. तेव्हा आधी आरडाओरडा करा. काठावरूनच साडी, दोर किंवा बांबू पुढे करा, झाकण लावलेला रिकामा डबा फेका. बाहेर काढल्यावर उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबा आणि दुसऱ्या कोणाला १०८ वर फोन करायला सांगा. हे आरोग्य केंद्रातून एकदा नीट शिकून घ्या.

आणि येत्या सुट्टीत, पोहणाऱ्या जाणत्या माणसाच्या नजरेखाली, लेकीलाही पोहायला शिकवा. शिवण-टिपण येतं तसं तेही यायला हवं.