कोळशापासून जलविजेपर्यंत: मुंबईच्या गिरण्या

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेल्या मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीपासून पुढील अर्धशतकाहून अधिक काळ या शहरातील गिरण्या वाफेवर चालल्या. मात्र जवळपास खाणी नसल्याने कोळसा प्रथम इंग्लंडहून आणि पुढे बंगालकडून आणावा लागे, व वाहतुकीचा हा भुर्दंड कापडाच्या किमतीत उतरत असे. शिवाय एकच मोठे इंजिन लांब दांडे आणि चामडी पट्टे यांच्याद्वारे सगळी यंत्रे फिरवी. त्यामुळे यंत्रांची मांडणी मजुराच्या सोयीपेक्षा दांड्याच्या सोयीने ठरे.

सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून ते नळांतून शेकडो मीटर खाली सोडायचे आणि त्या वेगावर जनित्रे, म्हणजे गतीचे विजेत रूपांतर करणारी यंत्रे, फिरवायची, ही जमशेटजी टाटांची कल्पना त्यांच्या निधनानंतर, 1915 मध्ये, खोपोली येथे प्रत्यक्षात आली. ही वीज सुमारे 70 किलोमीटरवरील मुंबईत पोहोचली, तेव्हा गिरण्यांनी हळूहळू बॉयलर बाजूला सारून विद्युत मोटारी बसवल्या. विजेच्या दिव्यांनी मात्र त्याआधीच, 1905 च्या सुमारास, कामाचा दिवस सूर्यास्तापलीकडे ताणला होता, आणि मजुरांचा असंतोष पाहता ही प्रगती नेमकी कोणाची, हा प्रश्न गैरलागू नव्हता.

विजेच्या वाढत्या मागणीपायी सह्याद्रीतच मुळशीचे धरण हाती घेतले गेले. जमिनी पाण्याखाली जाणार म्हणून मावळ्यांनी, म्हणजे त्या भागातील शेतकऱ्यांनी, 1921 मध्ये सत्याग्रह पुकारला. त्याचे नेते सेनापती बापट यांनी त्यात तुरुंगवास भोगला, तरी धरण पूर्ण झाले आणि 1927 मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले.