पिलर नंबर सांगा

हेल्मेट नसलेला दुचाकीस्वार, सिग्नल तोडणारी गाडी, उलट्या दिशेने घुसणारी रिक्षा. यांचे फोटो काढून पोलिसांकडे पाठवायची सवय हैदराबादकरांना केव्हाच लागली आहे. फोटोत नंबर प्लेट आणि नियमभंग दोन्ही दिसलं, की मालकाच्या नावावर ई-चलान. पाठवणाऱ्याला तोंडातून शब्द काढावा लागत नाही.

दारूच्या बाबतीत ही सोय नाही. दारू फोटोत येत नाही. व्हिडिओत गाडी झुलताना दिसेल, पण चालक पेंगत असेल, फोनमध्ये डोकं घालून बसला असेल किंवा त्याची साखर उतरली असेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ला हवं असतं ते रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल, आणि ते यंत्रात फुंकल्याशिवाय किंवा रक्त तपासल्याशिवाय ठरत नाही. वर ते दर तासाला उतरत जातं. रात्री अकराला पाहिलेल्या गाडीची तक्रार सकाळी चहा घेताना करण्यात काही अर्थ नाही. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर लोकांनी चालकाला जागच्या जागी धरलं होतं. तरी पुढे रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. चालक हाती लागला म्हणजे पुरावा लागला, असं नाही.

मग करायचं काय? फोन. आणि फोन कसा होतो, हे मी हैदराबादच्या पी. व्ही. नरसिंह राव एक्स्प्रेसवेवर जवळून पाहिलं. आरामघरपासून मेहदीपट्टणमपर्यंत साडेअकरा किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा हा उड्डाणमार्ग २००९ साली सुरू झाला. विमानतळावरून शहरात येणारे पुष्कळ जण याच्यावरून येतात. आम्ही येत होतो, आणि पुढे एक पांढरी एसयूव्ही होती. ती वेगात नव्हती, हे मुद्दाम सांगतो. पिऊन चालवणारा म्हणजे सुसाट जाणारा, असं आपण धरून चालतो. याचा वेग ताशी चाळीसच्या आत होता. दोन लेनच्या मधल्या पट्ट्यावर गाडी ठेवून चालला होता, समोर रस्ता मोकळा असताना ब्रेक मारत होता, आणि कठड्याच्या जवळ गेला की दचकल्यासारखा आत येत होता.

स्टिअरिंग माझ्या हातात, म्हणून फोन बायकोने लावला. (चालवताना फोन हातात धरणं हाही गुन्हाच.) १०० लागला. बायकोने एका दमात सांगितलं, की पूर्ण पिलेला माणूस आहे, कुणाला तरी मारणार.

पलीकडचा आवाज शांत. “पिया सो छोडो मॅडम, गाडी कैसी चलारा वो बोलो. किधर को जारा? मेहदीपटनम साइड? पिलर नंबर क्या है?”

पिलर नंबर! अत्तापूर, हैदरगुडा भागात या उड्डाणमार्गाखालची अर्धी दुकानं पत्ता म्हणून खांबाचा नंबर देतात. बिर्याणी मागवा, डॉक्टर शोधा, लग्नाचा हॉल विचारा, उत्तर एकच: अमुक पिलरसमोर. पण हे नंबर खालून जाणाऱ्यांसाठी. वरून जाणाऱ्याला खांब दिसणार कुठून? बायकोने मग आरामघर किती वेळापूर्वी मागे पडलं ते सांगितलं, मधला रॅम्प अजून यायचा आहे असं सांगितलं, आणि नंबर प्लेटवरचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवले. दोन मिनिटांत पेट्रोलिंगच्या गाडीतून उलटा फोन. रंग कोणता, आत किती माणसं, दिवे लागलेले आहेत का. एसयूव्ही मधल्या रॅम्पवरून उतरली, तेही कळवलं. पुढचं आम्हाला कळलं नाही.

माझ्या लक्षात राहिलं ते “पिया सो छोडो”. त्या माणसाला आमचं मत नको होतं. त्याला दिशा, जागा आणि डोळ्यांनी दिसलेली हालचाल हवी होती. कायद्याचंही तेच म्हणणं आहे. १९७१ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस प्यालेला होता असं सिद्ध होत नाही. जिथे डॉक्टरने जवळून टिपलेली लक्षणं पुरत नाहीत, तिथे मागच्या गाडीतून आमचं “पूर्ण पिलेला” काय टिकणार? फोनचं काम एवढंच, की चालकाच्या तोंडापर्यंत यंत्र वेळेत पोचावं. कलम २०३ प्रमाणे फुंकायला लावायचं तर गणवेशातल्या पोलिसाला संशयाला वाजवी कारण लागतं. ते कारण फोनवरून पुरवता येतं.

अमेरिकेत नेमक्या याच मुद्द्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००८ साली कॅलिफोर्नियात कुणीतरी ९११ ला कळवलं, की एका पिकअपने मला रस्त्याबाहेर ढकललं; सोबत नंबर, दिशा आणि मैलाचा दगड. पोलिसांनी पाचेक मिनिटं पाठलाग केला. गाडी सरळ चालली होती. तरी थांबवली, तर दारू नाही, तीस पौंड गांजा निघाला. निनावी फोनवरून गाडी थांबवणं योग्य, असा निकाल २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी लागला. विरोधातल्या न्यायमूर्ती स्कालियांचा सवाल मला अजून बिनतोड वाटतो: प्यालेला माणूस पाच मिनिटं नीट चालवेल कसा? पण मैलाचा दगड सांगणारा तो फोन फोन म्हणून पक्का होता.

आपल्याकडे वाजवी कारणाची फारशी चौकशी होत नाही. २०११ पासून हैदराबादेत वीकेंडच्या रात्री ‘डी अँड डी’, म्हणजे ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ तपासणी, जोरात चालते, आणि नाक्यावर जो येईल तो फुंकतो. ज्युबिली हिल्सला वळण संपताच बॅरिकेड लावलेले असतात, म्हणजे दिसेपर्यंत मागे वळायला जागा उरत नाही. एक जण मागेच गल्लीच्या तोंडाशी उभा असतो, अचानक आत शिरणाऱ्यांसाठी. नवी नळी, “ऊदंडी, गट्टिगा” (तेलुगूत ‘फुंका, जोरात’), मग एक लांबट बीप. आकडा आला की कफ सिरपपासून होमिओपॅथीपर्यंत सगळी औषधं निघतात. चूळ भरायला पाणी मिळतं, थोड्या वेळाने पुन्हा फुंकायचं. आकडा बहुधा तिथेच राहतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने सांगितल्यापासून गाडी पोलिसांना जप्त करता येत नाही. सोबत न प्यालेला परवानाधारक असेल तर किल्ली त्याला द्यायची, नसेल तर घरच्यांना बोलवायचं. पुढे गोशामहलच्या ट्रॅफिक ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये घरच्या माणसासह समुपदेशन, मग कोर्ट. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आईशेजारी मान खाली घालून बसणं हे मात्र कुठल्या कलमात लिहिलेलं नाही.

गंमत अशी, की नाका कुठे लागलाय याची खबर मित्रांच्या ग्रुपवर पाच मिनिटांत पोचते. ही खबर देताना आपण चुगली करतोय असं कुणालाच वाटत नाही. पिणाऱ्याची खबर पोलिसाला द्यायची म्हटलं, की लगेच ‘आपल्याला काय करायचंय’.

२४ ऑक्टोबर २०२५ च्या पहाटे हैदराबादहून बंगळुरूला निघालेली खासगी बस कर्नूलजवळ चिन्नटेकूरला जळाली आणि १९ प्रवासी गेले. त्याआधी एक प्यालेला दुचाकीस्वार घसरून मेला होता. सोबत्याने त्याला बाजूला ओढलं, पण रस्त्यात पडलेली दुचाकी हलवायच्या आत बस तिच्यावर आली. हैदराबादचे पोलीस आयुक्त सज्जनार यांनी अशा चालकांना दहशतवादी म्हटलं. शब्द गाजला. मला त्याच दुचाकीस्वाराचं पेट्रोल पंपावरचं चित्रीकरण जास्त अस्वस्थ करतं. झोकांड्या खात तो तिथून निघतो, सगळं स्वच्छ दिसतं. कॅमेऱ्याने पाहिलं, फोन कोण करणार?

चाक फिरायच्या आधी ज्यांना दिसतं, त्यांनी कळवलं तर पिलर नंबराची गरजच नाही. शेजारच्या सीटवर बसणारा त्यातला पहिला; कलम १८८ प्रमाणे तो प्रोत्साहन देणारा ठरू शकतो, आणि सायबराबाद पोलिसांनी तसे गुन्हे नोंदवलेही आहेत. दुसरा पबचा वॅले. किल्ली त्याच्या हातात असते, गिऱ्हाईक कसं चालतंय ते तो समोरून पाहतो. ज्युबिली हिल्सच्या एका पोऱ्याला मी विचारलं, असं कुणी आलं तर काय करतोस? म्हणाला, गाडी आणायला उशीर लावतो, सापडत नाही म्हणतो, तोवर मॅनेजरला सांगून कॅब बघतो. आणि पोलीस? “सौ को कॉल किए तो नौकरी जाती सर.”

ग्राहकाला पिऊन गाडी चालवू देऊ नका, अशा नोटिसा पोलीस पब मालकांना पाठवतात. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ चं संरक्षण मिळालं. या पोऱ्याचं नाव नोटिशीतही नाही आणि कलमातही नाही. अपघात होईपर्यंत तो मदत करणारा ठरत नाही.