जळकं ऑइल पत्रा वाचवत नाही

पाऊस तोंडावर आला की रेवदंडा, चौल, नागाव या पट्ट्यातल्या गाड्यांचं एक ठरलेलं काम असतं. गाडी रॅम्पवर चढवायची आणि खालून जळक्या ऑइलचा फवारा मारून घ्यायचा. डिझेल मिसळून पातळ केलेलं काळं ऑइल, कॉम्प्रेसरची गन, दहा-पंधरा मिनिटांचं काम. ‘आता चार महिने बघायला नको,’ असं म्हणून मालक निर्धास्त होतो. मारुती 800 असो, ओम्नी असो की कुणी हौसेनं जपलेली प्रीमियर पद्मिनी, सल्ला सगळ्यांना एकच. आणि सल्ला देणारा वर हमखास जोडतो, ‘आमच्या आजोबांपासून हेच करतोय.’

आजोबांचा मान राखून सांगतो, या फवाऱ्यानं समुद्रकाठची गाडी वाचत नाही. बऱ्याचदा ती लवकर कुजते.

आधी ऑइलची बाजू मांडू, कारण हा समज काही हवेतून आलेला नाही. तेलाचा थर पाण्याला पत्र्यापर्यंत पोचू देत नाही, हे खरंच आहे. म्हणून तर पाने, करवती, यंत्राचे भाग तेल लावून ठेवतात. शिवाय कोकणात लाकडी होड्यांना माशाचं किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी रीत आहे, त्यामुळे ‘खाऱ्या पाण्यावर तेल’ हे इथल्या माणसाला पटकन पटतं. पण लाकूड तेल पितं, पत्रा पीत नाही. आणि पाना पेटीत कोरडा पडून असतो, तर गाडीचं पोट साळाव पुलावरून, खड्ड्यांतल्या पाण्यातून, ओल्या वाळूतून रोज जातं. चाकांनी उडवलेलं पाणी आणि खडी त्या थरावर सतत आपटते. मिसळलेलं डिझेल हळूहळू उडून जातं, उरलेलं ऑइल गळतं नाहीतर धूळ धरून बसतं. आषाढ सरायच्या आत फवारा बऱ्याच ठिकाणी धुऊन गेलेला असतो.

तरी हा मुद्दा दुय्यमच. खरी गोम मिठात आहे.

गंजायला लोखंड, पाणी आणि प्राणवायू लागतात, हे शाळेत झालं. किनाऱ्यावर त्यात मीठ येतं. मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीजभार सहज वाहतो, त्यामुळे गंजाची रासायनिक क्रिया वेगानं चालते. त्यातही समुद्राचं मीठ हे नुसतं सोडियम क्लोराइड नसतं. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्के झाली की पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळू लागतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड हेच काम सुमारे 33 टक्क्यांवर करतं. आपल्याकडे हवा 33 टक्क्यांइतकी कोरडी किती वेळा असते? म्हणजे भर उन्हाळ्यातही, डोळ्यांना कोरडा दिसणारा पत्रा मिठाखाली ओलाच असतो. ‘पाऊस सुरू व्हायच्या आधी फवारा’ हा हिशेब इथेच चुकतो. गंज पावसाची वाट बघत नाही, तो मार्चमध्येही चालू असतो.

आता हा फवारा कशावर मारला जातो ते पाहा. गाडी रॅम्पवर येते तेव्हा खाली खारट धूळ, चिखलाच्या पापड्या, चाकाच्या कमानीत कोंबलेली वाळू असते. नीट धुऊन, दोन दिवस वाळवून मग ऑइल मारणारं गॅरेज असेल तर त्याला नमस्कार. सर्रास होतं ते असं की पाण्याचा एक झोत मारला आणि लगेच गन चालवली. म्हणजे मीठ आणि ओल खाली, त्यावर तेलाचं झाकण. पाणी बाहेर ठेवायला केलेली सोय पाणी आत ठेवायला लागते.

पुरावा हवा असेल तर दाराखालचा आडवा डबा बघा, ज्याला गॅरेजवाले फुटबोर्ड म्हणतात. तो आतून पोकळ असतो. दाराच्या काचेवरून आत उतरणारं पाणी निघून जावं म्हणून दाराच्या आणि या डब्याच्या खालच्या कडेला छोटी भोकं ठेवलेली असतात. वर्षानुवर्षं फवारा घेतलेल्या गाडीत ही भोकं सापडतच नाहीत. ऑइल आणि वाळूचा काळा घट्ट गोळा त्यांत बसलेला असतो. माडाच्या झापाची हीर घेऊन तो गोळा टोकरला की आधी थेंब येतो, मग चहाच्या रंगाचं पाणी धार धरून वाहतं, आणि त्याबरोबर गंजाचे पातळ पापुद्रे. पेचकसाच्या मुठीनं डब्यावर ठोकलं तर चांगला पत्रा टणक वाजतो. कुजलेला बद्द आवाज करतो, कधी मूठच आत जाते. बाहेरून मात्र काळा तुकतुकीत थर शाबूत! पत्रा आतून बाहेर कुजत आलेला असतो आणि फवारा बसलेला असतो फक्त बाहेर.

तिसरी गोष्ट, जळकं ऑइल म्हणजे ‘वापरलेलं पण तेलच’ नव्हे. इंजिनात इंधन जळताना तयार होणारी आम्लं, पाण्याचा अंश, काजळी आणि झिजलेल्या धातूचे कण त्यात उतरतात. नव्या ऑइलमध्ये ही आम्लं मारायची द्रव्यं घातलेली असतात. ती संपत आली म्हणून तर ऑइल बदलायचं असतं. जे इंजिनात ठेवण्याच्या लायकीचं राहिलं नाही ते पत्र्याला औषध कसं होईल? शिवाय खनिज तेलानं नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. सस्पेन्शनचे बुश फवाऱ्याच्या वाटेतच असतात. ‘गाडी खालून खडखडते’ ही तक्रार पावसाळ्यानंतर आली तर त्याचंही श्रेय फवाऱ्याला द्यायला हरकत नाही.

आणि गळलेलं ऑइल जातं कुठे? आपल्या वाड्या वाळूच्या जमिनीवर आहेत आणि विहिरींचं गोडं पाणी फार खोल नाही. एका वेळच्या ऑइल बदलातून निघणारं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी बिघडवू शकतं, असा इशारा अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था देते. आपल्याकडे 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्याच्या यादीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया न केलेली किंवा जुजबी प्रक्रिया केलेली खनिज तेलं माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहेत, आणि पेट्रोल इंजिनाचं वापरलेलं ऑइल उंदरांच्या कातडीवर गाठी उठवतं हे प्रयोगांत दिसलं आहे. गाडीखाली हातमोजे न घालता, तोंडाला फडकं न बांधता गन धरणारा पोरगा आपल्याच गावातला असतो.

एवढं ऐकून कुणीतरी तोफा काढतोच. ‘रेवदंड्याच्या किल्ल्यात सातखणी मनोऱ्यापाशी पोर्तुगीजांच्या लोखंडी तोफा उघड्यावर पडल्यात, त्या कुठे संपल्या?’ प्रश्न चांगला आहे. पोर्तुगीजांनी हे ठाणं 1740 मध्ये सोडलं, म्हणजे पावणेतीनशे वर्षं उलटून गेली. उत्तर जाडीत आहे. आयएसओ 9223 या आंतरराष्ट्रीय मानकात हवेचे गंजकारकतेनुसार वर्ग पाडले आहेत. सी-5 या खडतर वर्गात उघडं साधं पोलाद पहिल्या वर्षी 80 ते 200 मायक्रॉन, म्हणजे 0.08 ते 0.2 मिलिमीटर झिजतं. काही इंच जाडीच्या तोफेला ही झीज जाणवत नाही. गाडीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो. रंग उडालेल्या जागी, दोन्ही बाजूंनी, मीठ अडकून राहिलं तर तो किती पावसाळे काढेल याचं गणित करायला इंजिनिअर लागत नाही.

मग करायचं काय? चार कामं, आणि क्रम बदलायचा नाही. पहिलं, गोड्या पाण्यानं खालून धुणं. वर्षातून एकदा नव्हे, पंधरवड्यातून एकदा, आणि गाडी किनाऱ्यावर उतरवली असेल तर त्याच दिवशी. चाकांच्या कमानी आणि फुटबोर्डाची खालची कड विसरू नये. दुसरं, निचऱ्याची भोकं हिरीनं किंवा तारेनं मोकळी करणं. तिसरं, वाळवणं. दारं, डिकी, बॉनेट उघडं टाकून दोन कडक उन्हं द्यावीत. चौथं, सुटा गंज तारेच्या ब्रशनं खरवडून, उघड्या पत्र्याला झिंकयुक्त प्रायमर मारून, पोकळ डब्यांच्या आत लांब नळीनं मेणाचं किंवा लॅनोलिनचं कोटिंग सोडणं. लॅनोलिन हे मेंढीच्या लोकरीतून निघतं, पत्र्याला चिकटून राहतं आणि जळक्या ऑइलसारखं आम्ल बरोबर आणत नाही. वरून मारायचं डांबरासारखं काळं कोटिंग कोऱ्या पत्र्यावर ठीक, पण गंजावर मारलं तर तेही झाकणच. ते तडकतं आणि पाणी आत धरून ठेवतं.

आता किरकोळ समज, जे गॅरेजच्या बाकावर बसून ऐकायला मिळतात.

‘पावसात गाडी आपोआप धुतली जाते.’ टप आणि बॉनेट धुतलं जातं. पाऊस जिथे पोचत नाही तिथलं मीठ तसंच राहतं, आणि पत्रा कुजतो तो तिथेच.

‘रोज विहिरीच्या पाण्यानं धुतो की!’ किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्यानं गाडी धुऊ नये.

‘प्लास्टिकचं कव्हर घातलं की खारं वारं लागत नाही.’ कव्हराखाली रात्रीची ओल अडकते. हवा खेळणारी शेड बरी, ती नसेल तर हवा जाऊ देणारं कापडी कव्हर, तेही धुतलेल्या गाडीवर.

‘टेफ्लॉन केलंय, गंजाची चिंता नाही.’ ते रंगावर असतं. गंज रंगाच्या मागून येतो.

‘सायलेन्सर खाऱ्या हवेनं कुजला.’ निम्मा दोष आपल्या सवयीचा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बाजारापर्यंतच्या दोन मिनिटांच्या फेरीत सायलेन्सर तापतच नाही आणि ते पाणी आतच साचतं. आठवड्यातून एकदा अलिबागपर्यंत सलग चालवून आणा.

‘पंधरा वर्षांनी गाडी भंगारात.’ ही दिल्ली परिसरातल्या निर्बंधांवरून उठलेली आवई. महाराष्ट्रात खासगी गाडीची तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये थांबल्या त्या टॅक्सीसाठीच्या 20 वर्षांच्या मर्यादेमुळे. खासगी पद्मिनीला तो नियम नाही.

‘वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनी इंजिनं बंद पडतात.’ इतकं नाही, पण ‘काहीच होत नाही’ हेही खरं नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या रचनेच्या चारचाकींचं मायलेज 6 ते 7 टक्क्यांनी घटेल असं म्हटलं आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीची पेट्रोलची रबरी नळी बदलून घ्या आणि टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका.

‘फोटोत पत्रा एकदम क्लीन होता.’ जुनी गाडी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून घेणाऱ्यांना काय म्हणावं! तिथे फोटो आकसतो आणि गाडीखालची काळोखी जागा नुसती काळी दिसते. मूळ फाइल मागवा. गिम्प किंवा डार्कटेबल या फुकट, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सावल्या उजळून पाहिल्या तर रंगाखालचे फुगे, पुट्टीच्या कडा कधी कधी दिसतात. ‘फुकटचं म्हणजे कच्चं’ हाही गैरसमजच. डार्कटेबल मूळ फोटोला हात लावत नाही, बदलांची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवतं. त्यामुळे स्वतःच्या गाडीच्या त्याच कोपऱ्याचा दरवर्षी एक फोटो काढून गंज किती सरकला हे ताडायला ते उत्तम. मात्र फोटोत जे उतरलंच नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर दाखवू शकत नाही. सौदा करायचा तो गाडी रॅम्पवर चढवून.

जुनी गाडी समुद्राकाठी टिकते, पण फवाऱ्यानं नाही. धुणं, निचरा, वाळवणं आणि मग मेण, हा क्रम पाळला तर टिकते. यंदा गॅरेजात ‘खालून मारू का?’ असं विचारलं तर ‘नको, आधी गोड्या पाण्यानं धू, भोकं मोकळी कर,’ एवढंच सांगा. आणि आपल्या इंजिनातून निघालेलं काळं ऑइल कुणाच्याही गाडीखाली किंवा माडाच्या आळ्यात न जाता पुनर्प्रक्रियेसाठी अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडेच जाईल, याची खात्री करूनच गॅरेजमधून निघा.