तीन डोळ्यांचा मोसुरा

कॅनडातल्या रॉकी पर्वतरांगेत, फील्ड या छोट्या गावावरच्या उतारांवर, सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा समुद्रतळ दगड होऊन बसला आहे. हाच बर्जेस शेल. जीवाश्मतज्ज्ञ चार्ल्स वॉलकॉट यांना तो १९०९ साली सापडला. एरवी कुजून जाणारे मऊ अवयवही त्याने जपले.

मे २०२५मध्ये याच खडकातली एक नवी प्रजाती जाहीर झाली: मोसुरा फेंटोनी. जो मॉइसियुक आणि झाँ-बर्नार्ड कारॉन या संशोधकांनी तिचे वर्णन केले. प्राणी बोटाएवढा. तीन डोळे, काटेरी सांधेदार नांग्या, दातांचे गोल तोंड आणि पोहायला दोन्ही बाजूंना पाळ्या. त्याचा आकार पतंगासारखा दिसल्याने मोथ्रा या जपानी चित्रपटातल्या महाकाय पतंगाच्या मूळ जपानी नावावरून ‘मोसुरा’ हे नाव आले.

वर्णनासाठी तब्बल ६१ नमुने अभ्यासले गेले. एक सोडून सगळे टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियमने १९७५ ते २०२२ या काळात गोळा केलेले. उरलेला एक खुद्द वॉलकॉट यांनी उचललेला आणि तोवर अप्रकाशित.

इतके नमुने कशाला? कारण एखाद्या तुकड्यावर विसंबणे किती महागात पडते, हे मोसुराच्याच कुळाने दाखवले आहे. त्यातल्या अ‍ॅनोमॅलोकॅरिस या प्राण्याची नुसती नांगी १८९२ साली झिंग्यासारख्या प्राण्याचे धड ठरली होती. त्याच्या एका भाईबंदाचे गोल तोंड वॉलकॉट यांनी १९११मध्ये जेलीफिश म्हणून नोंदवले. अशी नांगी आणि असे तोंड एकाच प्रकारच्या प्राण्याचे अवयव आहेत, हे हॅरी व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज यांनी १९८५मध्ये दाखवून दिले.

मोसुराच्या बाबतीत मात्र आतले अवयवही दिसले: मज्जातंतू, पचनमार्ग, आणि रक्त खेळवणाऱ्या पोकळ्यांच्या चकचकीत खुणा. सर्वांत नवलाची गोष्ट शेपटीकडे आहे. तिथे कल्ल्यांनी भरलेले १६ खंड दाटीवाटीने बसलेले आहेत. या कुळातल्या दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात अशी रचना आढळलेली नाही. शरीराचे खंड वेगवेगळ्या कामांना वाटून देण्याची संधिपादांची (कीटक, खेकडे यांसारख्या सांधेदार पायांच्या प्राण्यांची) हातोटी त्यांच्या वंशवृक्षाच्या अगदी बुंध्याशीच सुरू झाली होती, याचा हा भक्कम पुरावा. नव्या नावापेक्षा या शोधाचे मोल अधिक.

उन्हाळ्यात मार्गदर्शकासोबत बर्जेस शेलमधल्या वॉलकॉट यांच्या खाणीपर्यंत चालत जाता येते. मात्र तिथून दगडाची एक कपचीही उचलायला कायद्याने मनाई आहे.