अरेका पाम

अरेका पाम (शास्त्रीय नाव: क्रिसॅलिडोकार्पस ल्युटेसेन्स, कुळ: ॲरेकेसी, म्हणजेच ताड कुळ) ही बेटाने वाढणारी शोभेची ताडवर्गीय वनस्पती आहे. ती मूळची मादागास्कर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील आहे. महाराष्ट्रात घरे, कार्यालये, मंगल कार्यालये आणि उद्याने यांत ती सर्वत्र लावली जाते.

नाव व वर्गीकरण

हेर्मान वेंडलांड या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये या जातीचे वर्णन केले. १९९५ मध्ये तिचा समावेश डिप्सिस प्रजातीत झाला, तर २०२२ च्या पुनर्वर्गीकरणात क्रिसॅलिडोकार्पस हे जुने प्रजातीनाम पुन्हा स्वीकारले गेले. त्यामुळे अनेक पुस्तकांत व रोपवाटिकांत ती अद्याप डिप्सिस ल्युटेसेन्स या नावाने आढळते. ‘ल्युटेसेन्स’ म्हणजे पिवळसर होणारी. ‘अरेका’ हे सुपारीच्या प्रजातीचे नाव असले तरी ही वनस्पती सुपारी नव्हे आणि तिची फळे सुपारीप्रमाणे वापरली जात नाहीत.

वर्णन

एकाच बुंध्यापासून अनेक फुटवे येऊन बांबूसारखे बेट तयार होते. जमिनीत लावल्यास खोडे ६ ते १२ मीटरपर्यंत वाढतात. कुंडीत उंची साधारणपणे २ मीटरच्या आसपास राहते. खोडावर गळलेल्या पानांच्या खुणांची वलये दिसतात. पाने पिसासारखी, कमानदार व २ ते ३ मीटर लांब असतात. उन्हात देठ सोनेरी पिवळे, तर सावलीत हिरवे राहतात. देठांवरील बारीक काळे ठिपके नैसर्गिक असून तो रोग नाही. फुले लहान व पिवळी असतात. फळे पिकताना पिवळी व पुढे जांभळट होतात.

अभिवृद्धी

बी ताजे असताना पेरावे लागते, कारण त्याची उगवणक्षमता लवकर कमी होते. उबदार व ओलसर वातावरणात उगवणीस एक ते तीन महिने लागतात. कुंडी भरगच्च दिसावी म्हणून रोपवाटिकांत एकाच कुंडीत अनेक रोपे लावतात. त्यामुळे बाजारातील दाट बेट बहुधा एका रोपाचे नसते. जुने बेट पावसाळ्याच्या आरंभी मुळांसह विभागूनही नवी रोपे करता येतात. प्रत्येक खोडाला शेंड्यावर एकच वाढबिंदू असतो. शेंडा छाटल्यास ते खोड मरते, मात्र बेटातील इतर खोडे जगतात.

मराठवाड्यातील लागवड

मूळ अधिवास दमट व वाळूमिश्रित जमिनीचा असल्याने कोकणात ही वनस्पती सहज वाढते. मराठवाड्यात मात्र परिस्थिती निराळी आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी नामदेव आणि हिंगोली जिल्ह्याचा परिसर येथे उन्हाळा कडक व हवा कोरडी असते. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

अशा ठिकाणी पानांची टोके करपतात आणि पाणी कमी पडल्याचा समज होतो. प्रत्यक्षात कोरडी हवा, पाण्यातील क्षार व फ्लोराइड किंवा मुळांशी साचलेले पाणी यांपैकी कोणतेही कारण असू शकते. मुळांशी पाणी साचलेले असताना अधिक पाणी दिल्यास मुळे कुजतात. म्हणून पोयटा माती, वाळू व कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत यांचे निचरा होणारे मिश्रण वापरावे. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. कूपनलिकेचे पाणी जड असल्यास साठवलेले पावसाचे पाणी अधिक योग्य ठरते. दुपारच्या उन्हापासून आडोसा आवश्यक असतो.

चुनखडीयुक्त जमिनीत लोह उपलब्ध होत नसल्याने नवी पाने फिकट पडतात. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके येणे हे पालाशच्या कमतरतेचे लक्षण आहे. कोरड्या हवेत लाल कोळी, तसेच पिठ्या ढेकूण व खवले कीड यांचा उपद्रव होतो. पाने ओल्या कापडाने पुसणे व कडुनिंबाच्या तेलाची फवारणी हे उपाय केले जातात. पूर्ण उन्हात व कमी पाण्यात वाढणारा ताड हवा असल्यास स्थानिक शिंदी अधिक योग्य आहे. मात्र ती एकखोडी, काटेरी व मोठी होते.

उपयोग

कुंडीतील झाडे दालनांच्या व व्यासपीठांच्या सजावटीसाठी, तर कापलेली पाने मंडप व पुष्पगुच्छांसाठी वापरतात. जमिनीत ओळीने लावल्यास आडोसा करणारे कुंपण तयार होते. मांजरे व कुत्री यांना ही वनस्पती विषारी नाही.

हवा शुद्ध करणारे झाड म्हणून तिची विक्री होते. या समजाला १९८९ मधील नासाच्या घरगुती वनस्पतींवरील प्रयोगांतून बळ मिळाले. पण ते प्रयोग लहान बंदिस्त पेट्यांत झाले होते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, खोलीतील नेहमीच्या वायुवीजनाइतका परिणाम साधण्यासाठी दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील. त्यामुळे शुद्ध हवेसाठी खिडकी उघडणे अधिक परिणामकारक आहे.

संवर्धन

जगभर लक्षावधी कुंड्यांत वाढणारी ही जाती मूळ अधिवासात मात्र सुरक्षित नाही. किनारी जंगले कमी होत असल्याने आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तिची नोंद ‘संकटसमीप’ गटात आहे.