पाषाणमधल्या माश्या

छत्रपती संभाजीनगरमधल्या जाधववाडीच्या बाजारात पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांभोवती तांबड्या डोळ्यांची जी बारीक चिलटं घोंघावतात, ती ड्रोसोफिला. मराठवाड्यातले केसर आंब्याचे बागायतदार ज्या फळमाशीसाठी रक्षक सापळे टांगतात, ती निराळी. ती चांगल्या फळाला डंख मारून आत अंडी घालते. चिलट जगतं आंबलेल्या फळावरच्या यीस्टवर. त्याच्यापासून बागेला फारसा धोका नाही, आणि माणसाच्या मेंदूबद्दल त्याने जितकं शिकवलं तितकं फार थोड्या प्राण्यांनी शिकवलं असेल.

छत्रपती संभाजीनगरहून पाचेक तासांवर, पुण्यात पाषाणला, आयसर या संस्थेत गिरीश रत्नपारखी यांचा गट ड्रोसोफिला माशीवर एएलएस या आजाराचा अभ्यास करतो. आघारकर संशोधन संस्थेतल्या अनुराधा रत्नपारखी यांचाही त्यात सहभाग आहे. एएलएसमध्ये स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. अनेकदा आधी शर्टाचं बटण लागेनासं होतं, मग जीभ जड होते, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. बुद्धी अनेकदा शाबूत असते, म्हणून रुग्णाला हे सगळं कळत राहतं.

२००४ साली ब्राझीलमधल्या काही कुटुंबांत या आजाराचं एक आनुवंशिक कारण सापडलं. व्हीएपीबी नावाच्या प्रथिनात ५६व्या जागी प्रोलीनऐवजी सेरीन आलेलं होतं. एवढ्याशा फरकाने प्रथिनाची घडी बिघडते आणि पेशीत त्याच्या गुठळ्या साचतात. माशीतही हेच प्रथिन व्हीएपी या नावाने आहे. तिथे ती जागा ५८वी. माणसात आजारांशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांचे जोडीदार माशीत सापडतात. अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला २५ अंश सेल्सिअसला दहा-बारा दिवस पुरतात, आणि ती जगते दोनेक महिने. म्हणजे म्हातारपणाचा आजार एका ऋतूत पाहून होतो.

पुण्याच्या गटाने माश्यांत, हा बिघाड घडवलेल्या माश्यांतही, एकेक करून इतर जनुकं कमीजास्त केली आणि व्हीएपीच्या कामावर व गुठळ्यांवर काय परिणाम होतो ते तपासलं. २०१४ साली त्यांनी दाखवलं की पेशीची वाढ ताब्यात ठेवणाऱ्या टॉर या जनुकाचा व्हीएपीशी संबंध आहे. २०१९ सालचा निष्कर्ष मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. एसओडी१ हे विकर ऑक्सिजनची घातक रूपं निष्प्रभ करतं, आणि त्याच्यातला बिघाडही एएलएसचं एक कारण, १९९३पासून माहीत असलेलं. माशीच्या चेतापेशींत एसओडी१ कमी केल्यावर ती घातक रूपं वाढली, त्यामुळे बिघडलेली प्रथिनं मोडणारी यंत्रणा जोमाने चालली, आणि व्हीएपीच्या गुठळ्या घटल्या! एकाच रोगाची दोन वेगळी जनुकं पेशीत एकमेकांच्या कामात हात घालतात, हे रुग्ण तपासून कळलं नसतं. रुग्णात जनुकं अशी हवी तेव्हा कमीजास्त करता येत नाहीत. माशीकडून घ्यायचं ते हेच. औषधाचं नाव तिच्याकडे मागू नये. कोणतं जनुक कोणाला अडवतं, हे तिला विचारावं.

महाराष्ट्रात माशीला प्रश्न विचारण्याची ही परंपरा जुनी आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे सेमूर बेंझर या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांचा अभ्यास केला. त्यांचा निबंध १९७६चा. त्या माश्यांतल्या ‘कोमॅटोज’ नावाच्या वाणातलं सदोष जनुक चेतापेशींमधल्या संदेशवहनाला लागतं, असं १९९०च्या दशकात कळलं. सिद्दिकी कोणत्या आजारावर उपाय शोधत नव्हते. चेतापेशी काम कशी करते, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आज आजारांचे प्रश्न माशीला विचारता येतात ते अशा कामामुळे. २०२४ साली तर प्रौढ मादी माशीच्या मेंदूतल्या १,३९,२५५ चेतापेशींच्या जोडण्यांचा पूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला.

माशी आणि रुग्ण यांच्यामधली वाट मात्र खडतर आहे. मिनोसायक्लिन या प्रतिजैविकाने एएलएसच्या उंदरांना गुण आला होता. अमेरिकेत ४१२ रुग्णांवर त्याची चाचणी झाली; २००७ साली निकाल आला, तो उलटा. औषध घेणाऱ्यांची प्रकृती २५ टक्के अधिक वेगाने ढासळली होती. उंदराची ही गत, तर माशीतल्या निष्कर्षाला औषध म्हणवून घ्यायला आणखी किती पायऱ्या चढाव्या लागतील! तरी जनुकापासून निघालेली वाट औषधापर्यंत पोचते. एसओडी१मधल्या बिघाडामुळे होणाऱ्या एएलएससाठी टोफर्सेन हे औषध अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालं, म्हणजे या जनुकाचा आजाराशी संबंध सापडल्यावर ३० वर्षांनी. व्हीएपीबीसाठी असं औषध अजून नाही.

हे विज्ञान महागड्या यंत्रांच्या दारातच अडतं, असं आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी समजू नये. माशीचं चालणं बिघडलं का, हे पाहायला काचेची नळी आणि घड्याळ पुरतं. नळी टेबलावर हलकेच ठोकली की माश्या तळाशी पडतात आणि लगेच वर चढू लागतात. ठरावीक सेकंदांत किती जणी खुणेपर्यंत पोचल्या ते मोजायचं. वय वाढेल तसा आकडा घसरतो, आजारी वाणात लवकर घसरतो. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगार यांवर माश्या वाढतात. मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्राच्या कोणत्याही विभागात हा प्रयोग याच सत्रात लावता येईल.