पट्टी कोणाची?

लखनौला माझी आत्या राहते. लग्न होऊन ती तिकडे गेली तेव्हा शहरात टीव्ही नव्हता. आता तिला ऐकू कमी येते. म्हणून चित्रपट पाहताना तिची सारी भिस्त पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या सबटायटलवर असते. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे होतो. एका संध्याकाळी मराठी चित्रपट लागला होता. आई मुलाला काहीतरी महत्त्वाचे सांगू लागली आणि नेमकी त्या ओळीवर एका कोचिंग क्लासची पिवळी पट्टी सरकत आली. पट्टी हटली तोवर प्रसंग संपला होता.

"काय म्हणाली रे ती?" आत्याने विचारले. मी सांगितले. मग तिने विचारले, "आणि ही पट्टी टाकतं कोण?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याची तीन वेगवेगळी उत्तरे असू शकतात. ती समजून घ्यायची तर चित्र आपल्या घरी कसे येते, तिथून सुरुवात करायला हवी.

वाहिनीच्या कार्यालयात मास्टर कंट्रोल रूम नावाची खोली असते. चित्रपट, मालिका, जाहिराती हे सगळे तिथल्या सर्व्हरवर आधीच साठवलेले असते. कोणत्या सेकंदाला काय दाखवायचे याची यादी संगणकाला दिलेली असते. तिला प्लेलिस्ट म्हणतात. ब्रेक आला की संगणक चित्रपट थांबवून जाहिराती लावतो. ही आपल्या ओळखीची जाहिरात. धंद्याच्या भाषेत या वेळेला एफसीटी म्हणतात आणि तिचा दर दहा सेकंदांच्या हिशेबाने ठरतो.

पट्टीची तऱ्हा वेगळी. तिच्यासाठी काहीच थांबवावे लागत नाही. ग्राफिक्सचे यंत्र एकाच वेळी दोन चित्रे पाठवते. एका चित्रात पट्टीचे रंग आणि अक्षरे असतात. दुसरे चित्र नुसते काळे-पांढरे असते आणि ते रांगोळीच्या छाप्यासारखे काम करते. जिथे पांढरे, तिथे पट्टी दिसेल. जिथे काळे, तिथे मूळ चित्रपट तसाच राहील. कीअर नावाचे उपकरण सेकंदाला पंचवीस वेळा, प्रत्येक चौकटीत, हा छापा ठेवून दोन्ही चित्रे एक करते. वाहिनीचे बोधचिन्हही असेच कोपऱ्यात बसते. तळाशी येणाऱ्या अशा पट्टीला आपल्याकडे ॲस्टन बँड म्हणतात.

एल-बँडमध्ये आणखी एक पायरी असते. तिथे चित्रपट आधी लहान केला जातो, एका कोपऱ्यात सरकवला जातो आणि बाजूला नि खाली मोकळ्या झालेल्या काटकोनी जागेत जाहिरात भरली जाते. चित्र थोडेसेच आकसले असे डोळ्यांना वाटते. पण रुंदी आणि उंची प्रत्येकी वीस टक्क्यांनी कमी केली, तर उरते ८० टक्क्यांचे ८० टक्के, म्हणजे ६४ टक्के क्षेत्रफळ. एक तृतीयांशाहून अधिक पडदा गेला. ४३ इंची टीव्ही घेतलेल्या माणसाला तेवढा वेळ साधारण ३४ इंची टीव्ही दिसतो, आणि सबटायटलची अक्षरे त्याच प्रमाणात बारीक होतात. आत्याच्या चष्म्याला तेवढा फरक पुरेसा आहे.

वाहिन्यांना ही जागा विकावीशी का वाटते, याचे एक कारण नियमांत सापडते. १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांतील सातवा नियम म्हणजे जाहिरात संहिता. तिच्यात २००६ मध्ये भर पडली: तासाला १२ मिनिटांहून अधिक जाहिराती नकोत, त्यांतली दहा मिनिटे व्यावसायिक जाहिरातींची आणि दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीची. ब्रेकचे सेकंद मोजता येतात, म्हणून मर्यादाही त्यांनाच जाचते. चालू कार्यक्रमावर टाकलेली पट्टी मात्र धंद्यात एफसीटीबाहेरची, वेगळ्या खात्यातली समजली जाते. घड्याळ ब्रेकवर लावले की विक्री कार्यक्रमाच्या अंगावर सरकते.

आणि तरीही या पट्टीला नियमाने मोकळीक दिलेली नाही. त्याच सातव्या नियमात, बारा मिनिटांच्या कलमाच्या लगेच आधी, दहावे उपकलम आहे. जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे आणि तिने कार्यक्रमात कोणत्याही प्रकारे व्यत्यय आणता कामा नये, असे ते सांगते. उदाहरणही तिथेच दिले आहे: पडद्याच्या खालच्या भागात, कार्यक्रमाच्या जोडीने, स्थिर किंवा सरकती अक्षरे दाखवणे. आत्याने मला दाखवली ती नेमकी हीच गोष्ट. हे उपकलम मी तिला मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा तिने ते कागदावर उतरवून मागितले.

मग अंमलबजावणी कुठे अडते? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १४ मे २०१२ रोजी जाहिरातींच्या वेळेबद्दल स्वतंत्र विनियम काढले. ते बरेच कडक होते. जाहिरात पूर्ण पडद्यावरच दाखवावी, अर्ध्या पडद्याच्या किंवा वरून उतरणाऱ्या जाहिराती नकोत, दोन ब्रेकमध्ये किमान १५ मिनिटांचे आणि चित्रपटात ३० मिनिटांचे अंतर हवे, जाहिरातीचा आवाज कार्यक्रमापेक्षा मोठा नको. वाहिन्यांनी विरोध केला. मार्च २०१३ मधल्या दुरुस्तीत पडद्याबद्दलची, अंतराची, आवाजाची कलमे गळाली आणि ताशी १२ मिनिटांची मर्यादा तेवढी राहिली. तिच्याविरुद्धही वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने त्यांच्यावर सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. प्रेक्षकाच्या बाजूने लिहिलेली सर्वांत नेमकी कलमे अशी वर्षाच्या आत हातची गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जाहिरातींवरच्या बंधनांचा विषय निघाला की पुण्याच्या 'सकाळ'चा खटला आठवतो. पानांची संख्या, किंमत आणि जाहिरातींची जागा सरकारने ठरवून देणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्यात १९६१ मध्ये दिला. वृत्तपत्र जाहिरातीवर जगते हे खरेच आहे, वाहिनीही जगते. पण 'सकाळ'ची जाहिरात बातमीशेजारी छापली जात होती. अग्रलेखाच्या शेवटच्या दोन ओळींवर साबणाची जाहिरात छापण्याचा हक्क कोणी मागितला नव्हता. शिवाय २०१९ पासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत ग्राहकाला वेगळी दाखवली जाते. आत्या त्या चित्रपट वाहिनीचे पैसे दर महिन्याला मोजते.

क्रिकेट सामन्यांच्या बाबतीत मात्र न्यायालयाने पडद्यावरच्या जाहिरातीकडे बारकाईने पाहिले आहे. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी लखनौच्या इकाना स्टेडियमवर भारताने इंग्लंडला विश्वचषकात १०० धावांनी हरवले. भारताचे असे सामने दूरदर्शनवरही दिसतात, ते २००७ च्या कायद्यामुळे: हक्क विकत घेतलेल्या वाहिनीने सामन्याचे प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला जाहिरातींविना द्यायचे असते. धावफलकाला चिकटलेले प्रायोजकाचे चिन्ह ही जाहिरात की नाही, यावर वाद झाला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जाहिरातच ठरवली आणि दूरदर्शनला दिलेल्या प्रक्षेपणात ती चालणार नाही असे सांगितले. तिथे प्रश्न प्रेक्षकाच्या सोयीचा नव्हता, दोन प्रसारकांमधल्या उत्पन्नाचा होता. तरी चालू खेळावर चिकटवलेले चिन्ह म्हणजे जाहिरात, हे त्या निमित्ताने स्पष्ट झाले.

आता परत आत्याच्या पिवळ्या पट्टीकडे. वाहिनीतून निघालेले चित्र उपग्रहावर जाते, तिथून केबलचालकाच्या हेडएंडवर, म्हणजे त्याच्या मुख्य केंद्रावर, उतरते, तारेतून सेट-टॉप बॉक्समध्ये येते. वाटेत ज्याच्या हाती चित्र पडते, तो त्यावर आणखी एक थर चढवू शकतो. जो सर्वांत शेवटी हात लावतो, त्याचा थर सर्वांत वर. पट्टी कोणाची हे ओळखण्याची किल्ली यातच आहे.

वाहिनीची पट्टी सहसा तिच्या बोधचिन्हाला सांभाळून, ठरल्या जागी बसते. पट्टीने वाहिनीचे स्वतःचे चिन्ह किंवा तिचीच बातमीपट्टी झाकली असेल, तर ती पुढे कुठेतरी चढली असण्याची शक्यता मोठी. जाहिरात जवळच्याच दुकानाची, क्लासची किंवा दवाखान्याची असेल तर संशय आणखी बळावतो. तिसरी शक्यता बॉक्सची. वाहिनी बदलली की क्षणभर दिसणाऱ्या माहितीच्या चौकटीतली जाहिरात बॉक्सची असते आणि रिमोटवरचे एक्झिट बटण दाबले की बहुधा जाते. वाहिनीची किंवा केबलचालकाची पट्टी त्या बटणाला दाद देत नाही, कारण बॉक्सपर्यंत पोहोचताना ती चित्रात मुरलेली असते.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तीच वाहिनी त्याच वेळी दुसऱ्या जोडणीवर पाहणे. आत्याच्या शेजाऱ्यांकडे केबलऐवजी छतावर डिश आहे. दुसऱ्या दिवशी त्याच वाहिनीवर चित्रपट लागल्यावर मी तिथे जाऊन बसलो, आत्या घरी. फोनवर ती म्हणाली, "आली बघ, पिवळी." शेजारच्या टीव्हीवर काही नव्हते. थोड्या वेळाने चित्र आकसून एल-बँड आला, तो मात्र दोन्हीकडे, एखाद्या क्षणाच्या मागेपुढे. म्हणजे पिवळी पट्टी केबलवाल्याकडची, एल-बँड वाहिनीचा.

त्यामुळे तक्रारीही दोन कराव्या लागल्या. जाहिरात संहिता केबलवरून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींना लागू आहे, मग त्या कोणीही टाकलेल्या असोत. केबलचालकाच्या तक्रार कक्षाकडे तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक मिळायला हवा, आणि तिथे दाद न मिळाल्यास नोडल अधिकारी असतो. वाहिनीसाठी जून २०२१ पासून तीन पायऱ्यांची व्यवस्था आहे. वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झाले नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेकडे जाता येते. तिसरी पायरी केंद्र सरकारची. शिवाय केबल कायद्याने जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त यांना अधिकृत अधिकारी नेमले आहे. जाहिरातीतला दावा खोटा वाटला तर १९८५ साली स्थापन झालेल्या जाहिरात मानक परिषदेकडे, एएससीआयकडे, जावे. पट्टी कुठे बसली हा तिचा विषय नव्हे.

तक्रारीत "फार त्रास होतो" एवढेच लिहिले तर उत्तरही तेवढेच मोघम येते. वाहिनी, तारीख, मिनिटापर्यंत वेळ, जाहिरात कशाची, तिने काय झाकले, आणि वाहिनीचे चिन्ह दिसेल असा मोबाइलवरचा फोटो हवा. नियम ७, उपकलम १० असा नेमका उल्लेख करावा. सबटायटल झाकली जात असतील तर ते ठळकपणे लिहावे, कारण ऐकू न येणाऱ्या माणसाचा कार्यक्रम तेवढा वेळ बंदच पडलेला असतो.

लखनौ दूरदर्शन २७ नोव्हेंबर १९७५ रोजी अशोक मार्गावरच्या तात्पुरत्या जागेतून सुरू झाले, आणि बरोबर पाच आठवड्यांनी, १ जानेवारी १९७६ पासून, दूरदर्शनने जाहिराती घ्यायला सुरुवात केली. आत्याला ते दिवस आठवतात. जाहिरातींचा तिला तेव्हाही राग नव्हता, आताही नाही. त्यांतली काही गाणी तिला पाठ आहेत. "ती संपली की मग कार्यक्रम लागायचा," एवढेच ती म्हणाली, आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागचे पान उघडून तिने रकाने आखले: तारीख, वेळ, वाहिनी, काय झाकलं.